टॉवेलातला कोळी

३ ऑगस्ट, रविवार

कोळी अंगावर मुतत नाही! तीस वर्षांत हे किती विहारांत, किती शाळांत सांगितलं असेल. आज स्वतःच्या घरात सांगावं लागलं.

अकोटहून दुपारी परतलो. वर्षावासाच्या प्रवचनमालेत सकाळी दीड तास बोललो. घसा बसलेला. अमरावती येईपर्यंत एसटीत डुलक्या. जेवून भातकुलीच्या भाषणाची टिपणं काढायला बसलो, तर बायको, मनकर्णा, मागे येऊन उभी. कपाळाच्या उजव्या बाजूवर हात.

‘टावेलात कोयी होता. तोंड पुसलं अन् आग सुटली. मुतला वाटते.’

कागद टाकून उठलो. चष्मा लावून कपाळ पाहिलं. थोडी लाली. चावल्याची खूण नाही. चावला असता तर टोचल्याचे दोन ठिपके दिसले असते, ते नाहीत. म्हणजे चावलेला नाही. आणि मुतणं वगैरे तर — छे!

भिंतीपलीकडच्या बेबीताईंनी ऐकलंच. आल्या.

‘भाऊ, कोयी मुतला का असाच डोंब उठते. अचलपूरले एक बाबा हायेत, राख फुकून देतात. तीन दिसात उतरते.’

‘बेबीताई, कोळ्याला मूत्राशय तरी आहे का?’

‘त्याले काय हाय अन् काय नाई, ते तुमीच पाहा जाऊन. हिची आग कावून थांबून नाई राह्यली, ते सांगा.’

यावर मी बोललो. वीस मिनिटं तरी बोललो असेन. बेबीताई मध्येच उठून गेल्या, गॅसवर दूध होतं म्हणे. मनकर्णा डोळे मिटून पडली होती. बर्फ लावला.

थकलो. लोक बदलत नाहीत हे मान्य करायला हवं, पण मान्य केलं तर उद्यापासून बोलायचं काय?

४ ऑगस्ट, सोमवार

फोड आले. बारीक, पाण्याचे, भुवईपासून केसांपर्यंत. सगळे उजवीकडेच. डावी बाजू कोरी. कोळ्याचा काही स्राव लागून कातडी चिडली असेल का? रात्री मोबाईलवर बरंच वाचलं. खरोखर विषारी म्हणावे असे कोळी आहेत, पण थोडे. काळ्या गोल पोटाचे, अडगळीत दडणारे. आपल्या घरात तसला नाही ना, हे पाहिलंच पाहिजे. सिद्ध करायचं तर पुरावा हवा.

सकाळपासून शोध. बागकामाचे हातमोजे, टॉर्च, जुना कुंचा. न्हाणीच्या मागचा तुराट्यांचा भारा भिंतीपासून हलवला. विटा एकेक करून उचलल्या. दोरीवरचे कपडे झटकले, चपला उलट्या करून आपटल्या. पुस्तकांच्या मागे दोन पांढऱ्या पिशव्या सापडल्या, अंड्यांच्या. कुंच्याने काढून बाहेर नेल्या. आणि पाण्याच्या टाकीमागे — तो! हाताच्या पंजाएवढा, भुरा, लांब पायांचा. काचेची बरणी वरून पालथी घातली, खालून पुठ्ठा सरकवला. झाकणाला भोकं पाडली. कमरेत उसण भरली, पण पकडला!

मनकर्णेला नेऊन दाखवला. तिने एकच डोळा उघडला. ‘असंन,’ म्हणाली.

कॅलामाईन लावलं. पापणी जड झाली आहे म्हणते.

५ ऑगस्ट, मंगळवार

योगेश येऊन गेला. माझा विद्यार्थी, आता इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बरणी उजेडात धरून हसला.

‘सर, हा तं घरचा मानूस हाय. झुरळं खाते बिचारा. जाळं विनत नाई, भिंतीवरून पळते फक्त. बाईंना याच्यानं काही झालं नसंन. पन ते फोड डॉक्टरले दाखवा, हां.’

कोळी कंपाउंडाबाहेर सोडला. बेबीताईंच्या दारासमोरून मुद्दाम बरणी मिरवत गेलो. म्हटलं, पाहा तुमचा बाबा ज्याच्यावर पोट भरतो तो!

‘अन् माह्याच दारात सोडा आता,’ त्या म्हणाल्या.

६ ऑगस्ट, बुधवार

भातकुली. विहार गच्च भरलेला, बाया बाहेरच्या पायऱ्यांवर. टिपणांकडे पाहिलंही नाही. घरचंच उदाहरण घेतलं — माझी बायको, टॉवेल, शेजारीण, अचलपूरचा बाबा, बरणी. ‘मित्रहो, कोळ्यानं माझ्या बायकोला काहीही केलेलं नाही! जे केलं ते भीतीनं केलं!’ टाळ्या. हशा. कित्येक वर्षांत असं जमून आलं नव्हतं. एक म्हातारी पाया पडायला आली, तिला थांबवलं, जयभीम घातला.

घरी आलो तर मनकर्णा अंधारात. ट्यूब लावली तशी ओरडली. उजेड सहन होत नाही. नाकाच्या शेंड्यावरही दोन फोड.

उद्या डॉक्टरकडे नेतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी नाही जमलं. पाणी दिवसाआड येतं, आज भरायचं होतं. मग ग्रंथालयाच्या समितीची बैठक. दुपारी दीडला परतलो तर बेबीताई अंगणात कंबर कसून उभ्या.

‘अचलपूरले मी नेतो, नाई तं डाक्टरले तुमी न्या. पन कुठी तरी न्या न भाऊ तिले! चार दिस झाले, तुमी कोयीच पाहून राह्यले!’

उत्तर देणार होतो. तेवढ्यात अकोल्याहून पौर्णिमाचा फोन, व्हिडिओवर. लेक तिकडे डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. आईला काय झालं ते मी तिला कळवलं नव्हतं. बारीकसारीक गोष्टी कशाला, म्हणून. बेबीताईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि सरळ मनकर्णेच्या तोंडासमोर धरला.

पौर्णिमाने डोळे स्क्रीनजवळ आणले. मग —

‘बाबा, कधीपासून?’

‘सोमवारी फोड आले. कोळ्याचा काही संबंध नाही, ते मी —’

‘कोळी गेला चुलीत! नागीण आहे ती!’

‘नागीण कमरेला होते, पौर्णिमा.’

‘कोणी सांगितलं?’

कोणी सांगितलं? माझ्या आईने. तिला तिच्या आईने. नागीण कमरेला विळखा घालते, तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो. यातला शेवटचा भाग मी भाषणांतून हजारदा खोडून काढला. पहिला भाग तसाच डोक्यात राहिला. तो कधी तपासलाच नाही.

‘गाडी करा. आत्ता निघा. मी दवाखान्यातच थांबते.’

योगेशने त्याची गाडी काढली. बेबीताई न विचारता मागे बसल्या, मनकर्णेचं डोकं मांडीवर घेऊन.

८ ऑगस्ट, शुक्रवार. अकोला

काल संध्याकाळीच गोळ्या सुरू झाल्या. डोळ्यांचे मोठे डॉक्टर आज भेटले. पौर्णिमापेक्षा लहान असतील. यंत्रातून बराच वेळ डोळा पाहिला. मग मला विचारलं, ‘फोड आल्यापासून तीन दिवसांत औषध गेलं तर डोळा वाचायची शक्यता जास्त असते. तुम्हाला उशीर कशाने झाला?’

काय सांगणार? पाणी भरायचं होतं?

‘आमच्याकडं कोयी मुतला म्हनतात साहेब याले,’ बेबीताई म्हणाल्या. ‘मीच म्हनलं होतं. माहीच चूक हाय.’

माझी चूक त्या बाईने स्वतःवर घेतली. मी घेऊ दिली. लिहून ठेवतो.

नागिणीने बुबुळ धरलं आहे. नजर किती राहील ते आज सांगता येत नाही.

१० ऑगस्ट

दर तासाला थेंब. दिवसभर मी घालतो, रात्री पौर्णिमा. थेंब गालावर पडतो. ‘नीट,’ मनकर्णा एवढंच म्हणते.

१२ ऑगस्ट

फोड सुकले, कळा थांबल्या नाहीत. रात्री कपाळात सुया टोचल्यासारखं होतं, उशीचा अभ्राही सहन होत नाही. पौर्णिमा माझ्याशी औषधांपुरतं बोलते.

१५ ऑगस्ट

इथल्या शाळेने झेंडावंदनाला बोलावलं होतं, प्रमुख पाहुणे म्हणून. नाही म्हटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१८ ऑगस्ट

भातकुलीचं भाषण कोणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. आता फिरतंय. अकोटहून फोन — ‘सर, ते कोयीवालं भाषन आमच्याकडं पन पाह्यजे.’ पौर्णिमाच्या वॉर्डातल्या एका आयानेही पाहिलंय. ‘तुमीच का हो ते? लय हासलो आमी!’

पाहायला बसलो. मी हात वर करून म्हणतो, ‘कोळ्यानं काहीही केलेलं नाही!’ आणि लोक हसतात. बंद केलं. कोळ्याबद्दलचं त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणून जास्त त्रास होतो.

२० ऑगस्ट

अमरावतीला परत. बेबीताईंनी घर उघडून झाडून ठेवलं होतं. कोपऱ्यांतली जाळी तशीच. ‘म्हनलं भाऊंची मानसं हायेत, राहू द्या.’ हसलो. किती दिवसांनी.

२२ ऑगस्ट

ठरवलं होतं: भातकुलीला परत जायचं, त्याच विहारात उभं राहायचं, सगळं सांगायचं. नागीण चेहऱ्यावरही होते, औषधाला तीनच दिवस, नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका. माझा हलगर्जीपणा. सुरुवातही सुचली होती, चांगली होती. मनकर्णेला वाचून दाखवली.

ती तांदूळ निवडत होती. ताट डोळ्यांच्या अगदी जवळ धरून.

‘माह्या डोयाचं भाषन नका करू,’ म्हणाली.

मग लोकांना कळणार कसं, विचारलं.

‘बेबीताई सांगून राह्यली न. गल्लीत सगळ्याइले सांगतलं तिनं. तोंडावर फोड आला तं पयले डाक्टर म्हने, मंग बाकीचं.’

कागद घडी करून ठेवले.

२३ ऑगस्ट, शनिवार

तपासणीला अकोल्याला. डावा डोळा झाकून डॉक्टरांनी बोटं दाखवली. किती? मनकर्णा बराच वेळ पाहत राहिली. ‘धूर हाय,’ म्हणाली. बुबुळावर पांढरा डाग राहणार. दुसरा डोळा चांगला आहे म्हणाले. चांगला आहे, चांगला आहे — परतीच्या एसटीत मी तेवढंच म्हणत होतो. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. सीट बदलून डाव्या बाजूची घेतली होती तिने.

२७ ऑगस्ट

थेंब घालताना मनकर्णा सहज म्हणाली, ‘टावेलात कोयी नव्हता.’

मग?

‘शनवारपासून कपायाची आग होऊन राह्यली होती. दोनदा सांगतलं तुमाले. तुमी हं म्हनले. कोयी म्हनलं तसे उठले.’