लोणारचं पाणी

मेहकर,
ता. १७ फेब्रुवारी १९६७

चि. रघुवीर यांस,

अनेक आशीर्वाद. इथे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुमच्या सासूबाईंचा, मंजुळेचा, गुडघा तेवढा दुखतो. पुष्पा आणि बाळ मजेत असतील.

दिवाळीत तुम्ही तुमच्या समुद्रकाठच्या गावाहून आमच्या शाळेसाठी समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी, दोन मासे आणि दगड आणून दिलेत. शाळेत हवेच्या पंपाला वीज नाही, म्हणून पेटी घरीच राहिली. पौषात दगडावर तपकिरी, फुलासारखं काहीतरी उगवलं. मंजुळा म्हणाली, "पाहा बाप्पा, दगडाले फूल आलं!" मीही शाळेतल्या मुलांना घरी बोलावून कौतुकाने दाखवलं. मग ते फूल, खरं तर समुद्रातलाच कुठला तरी जीव, माशांचा खाऊ ओढू लागलं, आणि जवळून गेलेला मासा चटका बसल्यासारखा उडू लागला. मी ब्लेडने कापलं. आठ दिवसांत तुकड्यातुकड्याचं नवं फूल! चिमट्याने उपटलं, बोटं सोलवटली, तरी दगड भरतच गेला. तीस वर्षं विज्ञान शिकवतो आहे, पण या पेटीपुढे पार थकलो.

"जावयाले दोन ओळी लिहा न. काऊन लाजता?" मंजुळा रोज म्हणायची. मी लिहिलं नाही. उलट रविवारी एसटीने लोणारला जाऊन सरोवराचं डबाभर पाणी आणलं. खारं ते खारं, म्हटलं, जास्त खारट पाण्याने ही पीडा मरेल. त्या पाण्यात नुसतं मीठ नाही, सोडा आहे, हे मीच दरवर्षी वर्गात सांगतो. दोन तांबे ओतले. एक मासा घटकाभरात उलटा झाला. दुसरा मी घाईने तुम्ही दिवाळीत जादा भरून ठेवलेल्या बरणीतल्या समुद्राच्या पाण्यात टाकला. तो जिवंत आहे, पण सारखा वर येऊन तोंड उघडतो. फुलं मात्र दिवसभर मिटली आणि पुन्हा फुलली.

"पाण्यानं नाई, तुमच्या हट्टानं मेला तो," मंजुळा म्हणाली. खरं आहे.

आता जे टाळत होतो ते लिहितो. लग्नाला आलो तेव्हा तुमच्या घरी पाणीसुद्धा न घेता परतलो. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही आमच्याकडची रीत, असं सगळ्यांना सांगितलं. तुम्हीही मानलंत. खरं कारण ती रीत नव्हती. पुष्पाने माझ्या मनाविरुद्ध तुम्हाला निवडलं, त्याचा राग होता. बाळ वर्षाचं झालं, रीत केव्हाच सरली, तरी मी आलो नाही. दिवाळीत तुम्ही एवढी जड पेटी घेऊन दारात उभे होता आणि मी मुक्काम करा म्हटलं नाही. त्याची फार लाज वाटते.

उत्तराची वाट पाहण्याइतके दिवस माशाकडे नाहीत. परवाच्या गाडीने बरणी मांडीवर घेऊन निघतो. पत्र माझ्या आधी पोचलं तर बरं, समोर उभं राहून हे बोलायला मला जमणार नाही. मासा वाटेत टिकेल की नाही, ठाऊक नाही. मेला तरी मी येणारच.

दारात आलो की आधी त्याला समुद्राचं पाणी द्या. मग मला तांब्याभर, तुमच्या घरचं.

पुष्पाचा आणि तुमचा,
शालिग्राम