बटण कासवावरच आहे

प्रिय ठमे,

समोरच्या काकूंनी फोनवर केलेली माझी चुगली खरी आहे. चालता न येणाऱ्यांसाठीची ती बॅटरीची स्कूटर, तुझ्या आईची, हल्ली मी वापरतो. दूध आणायला, केस कापायला, कोपऱ्यावर कचरा टाकायलासुद्धा. माझे पाय ठणठणीत आहेत. परवा मोठ्या दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढायला उठून उभा राहिलो, ते तिथल्या पहारेकऱ्याने पाहिलं. "काका, चांगले धडधाकट आहात की! खरोखर गरज असणाऱ्यांची तरी लाज बाळगा," म्हणाला. लोक बघत होते. एरवी मी कडाकडा भांडलो असतो आणि घरी येऊन आईला तिखटमीठ लावून सांगितलं असतं. या वेळी पुन्हा बसलो आणि बिस्किटं घेऊन घरी आलो. लाज वाटली नाही, रागही आला नाही. ती गेल्यापासून काहीच वाटत नाही, ठमे. जेवतो, झोपतो, टीव्ही लावून ठेवतो.

तुला वाटतंय, बाबा आळशी झाले. तसं नाही गं. आम्ही कसे फिरायचो, आठवतं ना? ती स्कूटरवर, मी बाजूने चालत, उजवा हात तिच्या पाठीमागच्या टेकूवर. वेगाच्या बटणाला एका टोकाला ससा, दुसऱ्या टोकाला कासव. मला दम लागू नये म्हणून ती कासवावर ठेवायची आणि वर मलाच ऐकवायची, की तुमच्यामुळे माझी गाडी गंजणार. पूल आला की मात्र मुद्दाम ससा करून सुसाट सुटायची आणि पलीकडे तासभर ताटकळल्याचा आव आणून बसायची.

ती गेल्यावर मी पायीच निघालो होतो. पण उजवा हात कुठे ठेवावा ते कळेना. खिशात घातला, बाहेर काढला, पाठीमागे बांधला. न्हाव्याच्या दुकानापासून परत फिरलो. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बसलो, तर जमलं. तिच्या जागेवर बसलं की बाजूची रिकामी जागा माझी असते, तिची नाही. बटण मी कासवावरून हलवलेलं नाही.

पुलापलीकडच्या शिवणवाल्या बाईंना तू स्कूटर कबूल केलीस, ते योग्यच केलंस. त्यांचे गुडघे पार गेलेत. माझ्या हट्टापायी त्या घरात अडकून पडायला नकोत. मी आडकाठी करणार नाही.

फक्त रविवारी स्कूटर त्यांच्याकडे पोचवायला टेम्पो सांगू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र. स्कूटरवर तू बस. धडधाकट पोरगी बसलीय आणि म्हातारा पायी चाललाय, असं लोक म्हणतील, म्हणू देत. पुलापर्यंत कासवावर ठेव, मी टेकूवर हात ठेवून चालतो. पुलावर मात्र ससा कर आणि मागे न बघता पुढे जा. मी येतो मागून, माझा मी. परत येताना आपण दोघं चालत येऊ.

तुझाच, दोन्ही पाय शाबूत असलेला,
बाबा