झुंबरचं उत्तर

७ ऑगस्ट १९३१, तळेगाव
सोमाटण्यात आज तीन दारं तोंडावर लागली. चौथ्या घरी दाराआडून आवाज — "आमचे देव हायती आमाला, बाई. फुडं जावा!"
मिशनने शुभवर्तमान सांगायला हे गाव माझ्याकडे देऊन दीड वर्ष झालं. बाप्तिस्मा एकही नाही. बसायला सांगणाऱ्या एकट्या अंबूबाई, त्याही ओट्यावर. उंबऱ्याच्या आत नाही.
लाजरसची गोष्ट वाचली. मेल्यावर चौथ्या दिवशी प्रभूने त्याला उठवलं. अंबूबाई म्हणाल्या, "म्हंजी पुन्यांदा मेलाच असंल की त्यो. बहिनींना दोनदा रडावं लागलं!"
प्रश्न वहीत लिहून घेतला.

९ ऑगस्ट
पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, "असे फाटे फोडू नका, मार्थाबाई."
पण प्रश्न खरा आहे.

४ सप्टेंबर
अंबूबाईंची सून झुंबरबाई आत तांदूळ पाखडत असते. मी वाचायला लागले की सूप थांबतं! वय बावीस. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. मूलबाळ नाही.
आज तिने दारातूनच विचारलं, "ती अक्षरं मला येतील का वो?"
सासरे, दत्तोबा, खेकसले — "नांगुर धराया येत्यात का अक्षरं?" ती आत गेली.

८ ऑक्टोबर
पवनेच्या काठी झुंबरने गाठलं. धुण्याची पाटी डोक्यावर तशीच.
"मला तुमच्यात घ्या."
म्हटलं, का?
दत्तोबा तिचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लावून देताहेत. नवलाख उंब्रे गावचा माणूस, पन्नाशीचा, दोन बायका मेलेला. दिवाळीनंतर.
मी विचारलं, येशूवर विश्वास आहे का तुझा?
"त्ये मागनं शिकंन. आदी हितनं न्या."

९ ऑक्टोबर
मिशनच्या प्रमुख मिसबाईंना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी! "सोमाटण्याचं पहिलं फळ!" लोणावळ्याच्या मिशन बोर्डिंगात जागा आहे. ईस्टरपर्यंत शिकायचं, मग बाप्तिस्मा. उद्याच टांगा पाठवते म्हणाल्या, घरी कळायच्या आत.
आनंद मलाही झाला. खोटं का लिहू? पण ज्या ओट्यावर मला बसवलं, तिथून सून चोरून न्यायची? मी म्हटलं, चार दिवस थांबा.

१२ ऑक्टोबर
झुंबरला म्हटलं, आधी सासूला सांग. भडकली. "तुमी बी त्यांच्यातल्याच!" हंडा आपटून गेली.
आज जेवण गेलं नाही.

१६ ऑक्टोबर
झुंबरने सांगितलं! अंबूबाईंनी मला पहिल्यांदा आत बोलावलं. चुलीजवळ बसलो.
"पोरगा गेला. आता ही गेली तर मला तांब्याभर पानी कोन देनार?" चुलीत काटकी सारली. मग — "पन त्या म्हाताऱ्याच्या घरी घालून हिचं काय व्हनार, त्ये बी दिसतंय मला. न्या. मालकांचं मी बघते."
मला वाटलं होतं, मला हाकलतील.

१८ ऑक्टोबर
झुंबरला लोणावळ्याला सोडलं. तळेगाव स्टेशनात गाडी येता येता दत्तोबा धापा टाकत आले. मला वाटलं, हात उगारणार. नाही उगारला. सगळ्या फलाटासमोर म्हणाले, "मास्तरीनबाई म्हनून वट्यावर बसवलं तुमाला. घर फोडलंत. आता गावात पाऊल टाकायचं न्हाई."
झुंबरने खाली मान घातली. मी तिचं गाठोडं डब्यात टाकलं.
सोमाटणं संपलं.

२२ नोव्हेंबर
मिशनने आता उर्से गावाला जायला सांगितलं आहे. तिथेही दारं लागतात.

१४ जानेवारी १९३२, लोणावळा
झुंबरला भेटायला आले. बोट ठेवून ओळ वाचते! मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. वादळात शिष्य ओरडतात आणि प्रभू नावेत झोपलेला — इथे थांबली. "निजला कसा? ह्यांचा जीव जात हुता!"
मी हसले. मग ती गंभीर झाली. "मार्थाबाई, मला ह्ये सारं आवडतं. पन त्यो देव हाय, आसं आतून वाटत न्हाई. काय करू?"

२० मार्च, लोणावळा
बाप्तिस्मा पुढच्या रविवारी. झुंबरने पुन्हा तेच विचारलं. ती नाही म्हणाली तर बोर्डिंगातली जागा जाते. मग कुठे जाणार? नवलाख उंब्ऱ्याला?
मी म्हटलं, "तोंडाने हो म्हण. मन मागून येतं."
असं मी म्हटलं. वीस वर्षं शुभवर्तमान सांगणाऱ्या बाईने!

२७ मार्च, ईस्टर, लोणावळा
चर्च भरलेलं. झुंबर पांढऱ्या लुगड्यात. पाळकसाहेबांनी विचारलं, "तू प्रभू येशूला आपला तारणारा मानतेस का?"
"अजून न्हाई," ती म्हणाली. मोठ्याने. "खोटं सांगून घेतलं तर त्ये निस्तं पानीच की वो."
पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. बाहेर मिसबाई म्हणाल्या, जागा रिकामी करावी लागेल, आणि माझ्या कामाचाही विचार व्हायला हवा. बरोबरच आहे त्यांचं. मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.
झुंबर गाठोडं घेऊन पायरीवर उभी. "तुमच्या खोलीत जागा हाय का?"
आहे, म्हटलं.
तळेगावच्या गाडीत बसल्या बसल्या तिने मार्कचं पुस्तक काढलं. "दहावा अध्याय ऱ्हायलाय."