ताणा, बाणा आणि चौथा नियम

सक्करदरा, नागपूर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय शालिक,

जय भीम. वंदना वहिनींना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा आता बरा आहे, जिना चढतात, असं कानावर आलं. बरं वाटलं. इकडे प्रेमलता ठीक आहे. गच्चीवर कुंड्यांत वांगी लावून बसली, त्यामुळे घरात रोज वांगंच आहे, आणि तक्रार करायची सोय नाही.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, मग जेवण झाल्यावर उघडशील. तेवढं मी तुला ओळखतो. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस, म्हणून स्पीडपोस्ट. तसं पत्राचं बरं असतं. निळ्या खुणा येत नाहीत, कोणी अंगठा टाकून मोकळा होत नाही, आणि मधेच कोणी 'कृपया विषयाला धरून बोला' म्हणत नाही. हे वाक्य लिहून लिहून माझी बोटं झिजली गा.

आपल्या 'अर्धविराम' गटाची खबर सांगतो. तू गट सोडून दोन वर्षं झाली, तेव्हा तुला काय माहीत असणार. सभासद वाढले, प्रश्न आटले. पोरं आता प्रोग्राम अडला की थेट त्या एआयला विचारतात. तो रागावत नाही, 'आधी शोधून पाहा' म्हणत नाही. मग गटात उरतं काय? भांडण. तू काढलेली 'पानठेला' ही वेगळी खोली अजून आहे, विषय सोडून काही बोलायचं असेल त्यासाठी. पण तिथं कोणी जात नाही. भांडणाची खरी मजा चालू प्रश्नाच्या मधोमध येते.

मागच्या आठवड्याचंच घे. एका पोरानं विचारलं, तारखा क्रमानं लागत नाहीत, दहा तारीख दोनच्या आधी येते, काय करू? अश्विन, तो पुण्यात नोकरीला गेलेला, लगेच म्हणाला, "आधी शोधा, मग विचारा." आपल्याकडे 'मुंगी' नावाचा एक सभासद आहे. त्यानं टाकलं, "शोधता आलं असतं तर तुह्या दारात काहून आला असता गा?" अश्विन म्हणे, "हा प्रोग्रामिंगचा गट आहे, बालवाडी नाही." मुंगी म्हणे, "बालवाडीत तरी बाई हात धरून शिकवते. तू त्याहून गेला."

झालं. मग कोणाचं कॉलेज कोणतं, कोणाला पॅकेज किती, नागपुरात राहून माणूस शिकतो तरी काय, आणि संध्याकाळपर्यंत गाडी आली तर्रीपोह्यावर: कोणत्या ठेल्याची तर्री खरी. मी तीनदा लिहिलं, 'पानठेल्यावर चला.' कोणी हललं नाही. त्या पोराच्या तारखा राहिल्या तिथंच.

हिमानी आज सकाळी माझ्या दुकानात आली. ही माझ्यासोबतची दुसरी अ‍ॅडमिन, तू गेल्यावर मीच तिला घेतलं. घरून काम करते, डोक्यानं तेज आहे, बोलायला सरळ. चहा हातात धरून म्हणाली, "काका, मुंगीला दोन ताकिदी झाल्या. तिसरी द्या, नाहीतर नियम तरी काढून टाका."

मी म्हटलं, "पोरांना तोच तर समजावून सांगते वं."

"सांगतो, मान्य आहे. पण हा नवा माणूस नाही. गटातलं जुनं जुनं सगळं माहीत आहे याला. खोटं नाव आहे. चौथा नियम लागतो." मग माझ्याकडे पाहून, "तुम्ही ओळखता का त्याला?"

"रविवारी बोलू," म्हटलं मी. रविवारी गच्चीवर महिन्याची बैठक आहे. इतकी वर्षं धंदा केला, माणूस 'रविवारी बोलू' कधी म्हणतो ते मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असावं. चहा अर्धा ठेवून गेली.

आता तू म्हणशील, हे सगळं मला काहून सांगून राहिला.

अमरावती रोडवरच्या वाडीचे दिवस आठव. लुनावर मी पुढे, मागे तू मांडीवर मॉनिटर धरून, आणि ट्रकवाल्यांच्या गोदामांतून आपण बिलाचं सॉफ्टवेअर विकत फिरायचो. दोघांजवळही डिग्री नव्हती. होते ते माझे कान आणि तुझा हात. मालकाच्या फोनवरच्या 'हॅलो'वरून मी सांगायचो, मशीन आपोआप बंद पडली की यानं लाथ मारली. तू हसायचास, पण निघायचं ते निघायचंच.

ते कान अजून शाबूत आहेत. लिहिलेल्यातूनही आवाज येतो मला.

दिवाळीनंतर मिनल नावाच्या पोरीचा प्रोजेक्ट ऐन वेळी पडला. गटात नुसतं रडणं चाललं होतं तिचं. मुंगीनं लिहिलं, "काहून घाबरून राहिली वं? आधी पाणी पी. मग एरर शेवटच्या ओळीपासून वर वाच." मी वाचता वाचता थांबलो. आपण चालवायचो त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या बाकावर माठ कोणी ठेवला होता? पोरगं गडबडलं की त्याला ग्लास भरून कोण द्यायचं?

तरी म्हटलं, असेल एखादा आपलाच जुना विद्यार्थी. मग त्यानं खाली नमुन्याचा प्रोग्राम दिला. दोन व्हेरिएबल: ताणा आणि बाणा. सगळं जग तिथं एक्स आणि वाय लिहितं, शालिक. कामठीत बापाच्या हातमागाखाली खेळून मोठा झालेला आणि पुढे प्रोग्रामर झालेला माणूस मी एकच पाहिला आहे. नाव बदललंस गा, व्हेरिएबल बदलायचे राहिले.

मी कोणाला बोललो नाही. प्रेमलतेलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी एका पोराच्या वऱ्हाडी कॉमेंटवर हसलं, आणि तू तीन दिवस त्या हसणाऱ्याच्या मागे लागलास. तुझं म्हणणं खरं होतं. पण तीन ताकिदी झाल्या आणि गटात तुझा आवाज आठवडाभर बंद झाला. बंद मी केला. तू फोन करून विचारलंस, "देव्या, तुले नियम पाहिजे का मी?" मी नियमाचा क्रमांक सांगितला. आज विचारलंस तरी तोच सांगीन, खोटं काहून बोलू. तो नियमांचा कागद तूच लिहिला होतास, माझ्याच टेबलावर बसून. आपल्या माणसाला सूट दिली की गटाचं दुकान होतं, हेही तूच म्हणाला होतास.

पण चौथा नियम पूर्ण वाच. 'खोट्या नावाने येणाऱ्यास कायमचे काढावे.' हिमानीला एवढंच पाठ आहे. त्याच्या खाली तुझीच पुढची ओळ आहे: 'पकडले जाण्याआधी आपणहून खरे नाव सांगितले, तर विषय संपला.' तेव्हा मी म्हटलं होतं, ही पळवाट कशाला ठेवतो? तू म्हणालास, "असू दे गा, कोणाच्या तरी कामी पडेल."

तर शनिवारपर्यंत मुंगीनं गटात एक ओळ लिहावी: मी शालिकराम, कामठी. माफी नको, कारण नको. अश्विन काही बोलला तर त्याला पानठेल्यावर मी नेतो. दोन ताकिदी मात्र राहतील, त्या तुझ्या कमाईच्या आहेत.

नाही लिहिलंस तर रविवारी हिमानीला मी खरं सांगीन आणि बटन मीच दाबीन. तिला दाबू देणार नाही. धमकी समजू नको, धमकीपुरता जोर आता राहिला नाही. थकलो आहे मी. रोज सकाळी शटर वर करून गट उघडतो, ती सगळी कचकच बोटानं वर सरकवत जातो आणि मुंगीनं काही लिहिलं का तेवढं पाहतो. असलं तर दिवस सुरू होतो. दिवाळीपासून हेच चाललं आहे. रविवारनंतर काय पाहायचं, ते मला माहीत नाही.

त्या पोराच्या तारखा अजून तशाच पडून आहेत. काल उत्तर लिहायला बसलो होतो. एक्स लिहिलं, वाय लिहिलं, मग खोडून टाकलं. तुझ्यासाठी ठेवलं आहे.

पहिल्या ओळीपासून विषयाला सोडून बोलत असलेला,
तुझा
देव्या