आठ मिलिमीटरच्या दोन नळ्या

मी, ओटोकार वुट्टे, वय एकाहत्तर, धंदा शिकारी बंदुका बनवणे, राहणार फेरलाख, कारिंथिया, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दबावाविना माझी शेवटची इच्छा नोंदवीत आहे. लेखनिक दुसरा आहे, शब्द माझेच.

१. घर, कार्यशाळा व बाग भाची आडेलहाइड हिला. तिच्या नवऱ्याने कार्यशाळेत कोंबड्या ठेवू नयेत. त्याने तसे बोलून दाखवले आहे.

२. अवजारे गावच्या बंदूक-शाळेला: साडेसहा, सात आणि ९.३ मिलिमीटर काडतुसांची. आठ मिलिमीटरच्या नळीची मापे मात्र दोन आहेत, जुने अरुंद व ‘S’ खुणेचे रुंद. फरक मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा. दोन्हींची अवजारे एका खणात ठेवू नयेत.

३. १९३७ साली मी दोन अरुंद नळ्यांवर माप न घेता ‘S’चा ठसा मारला. पहिल्या बंदुकीत कास्पार थुर्नर याने रुंद गोळीचे काडतूस घातले. बंदूक मागून फुटली. त्याचा डोळा गेला. कामाच्या वहीत नाव होते फ्लोरियान ओग्रिसचे. तो माझा भागीदार, बायकोचा सख्खा भाऊ. चौकशीत त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. त्याचा परवाना गेला. तेव्हापासून तो लाकडाच्या गिरणीत फळ्या रचतो. दुसरी नळी कोणाकडे आहे, हे मी शोधले नाही. शोधली असती तर सगळेच सांगावे लागले असते.

४. यंदा सप्टेंबरात रोसविथा लेसियाक वडिलांच्या बंदुकीचा तडकलेला दस्ता घेऊन आली. ठसा माझा होता. वडिलांनी जपून वापरलेली जुनी, अरुंद गोळीची काडतुसे संपली होती. रविवारच्या शिकारीसाठी तिने ‘S’ची नवी पेटी घेतली होती. मी माप लावले. नळी अरुंद. बंदूक परत द्यायला मी नकार दिला.

“मास्तर, बंदूक माझी आहे. द्या इकडे.”

“ही उडवलीस तर तुझं तोंड जाईल. खूण खोटी आहे. मीच मारली.”

ती खाली बसली. मग म्हणाली, “आणि इतकी वर्षं आमच्या घरात होती?”

ती नळी मी तिच्यासमोर कापली. तिला माझी सात मिलिमीटरची बंदूक द्यावी.

५. सोमवारी गिरणीत गेलो. फ्लोरियानने फळी खाली न ठेवता सगळे ऐकले.

“बुर्गीला ठाऊक होतं?”

त्याची बहीण, माझी दिवंगत बायको. नव्हते, असे सांगितले. कार्यशाळा त्याच्या नावे करतो म्हणालो.

“तुझं काही नको मला. साक्षीदार लागतात ना? मी येतो. पण सगळ्यांसमोर वाचायचं.”

साक्षीदाराला वारसा मिळत नाही, हे त्याला माहीत आहे. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला काही दिलेले नाही. कलम ३ ची प्रत कारागीर संघाला आजच पाठवावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचला. कलम ३ मी स्वतः वाचले, उभा राहून.

फेरलाख, ९ नोव्हेंबर १९६३
(सही) ओटोकार वुट्टे

साक्षीदार:
फर्डिनांड मोस्टेचनिग, टपालवाहक
आलोइझिया क्रासनिग, शिक्षिका
फ्लोरियान ओग्रिस, बंदूक कारागीर

(लेखनिकाची नोंद: तिसऱ्या साक्षीदाराचा व्यवसाय मी ‘गिरणी कामगार’ असा लिहिला होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने खोडून दुरुस्त केला आहे.)