माझ्या खुर्चीतला फोटो

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा काय म्हणतो? तिला जिना चढू देऊ नका.

फोनवर तुम्ही माझ्या आवाजावरून लगेच सगळं ओळखता, म्हणून लिहितेय.

हल्ली ऑफिसच्या बातम्या मोबाइलवरच कळतात. सकाळी उठून आधी सगळ्यांचं अभिनंदन करायचं, नाही केलं तर साहेबांच्या डोळ्यांवर येतं. परवा 'नवी जबाबदारी' म्हणून एका मुलाचा फोटो आला. खुर्ची माझी, खिडकीतली कुंडीही माझीच. माझी नोकरी गेल्याचं मला असं कळलं. तरी पहिलं अभिनंदन मीच केलं. उद्या काम मागायचं तर याच लोकांत मागायचं ना!

आणि तुम्ही! ऑफिसचं नाव बघून त्या फोटोला लाइक दिलंत, वर लिहिलंत, "आमच्या धाकटीकडे लक्ष असू द्या. कामात ती जेवायची विसरते."

त्या मुलाने उत्तर दिलंय, "हो काका, नक्की."

ते पुसा म्हणून सांगायला बसले होते. पण राहू द्या. एवढ्या अभिनंदनांत माझी चौकशी तेवढी एकच आहे.

आईला इतक्यात काही सांगू नका.

तुमची,
धाकटी