प्रागच्या चर्चमध्ये आई

प्रिय बाबा,

काल आम्ही प्रागहून परत आलो. बॅगा हॉलमध्ये तशाच पडल्यात, आई भरदुपारी आत झोपली आहे, आणि मला कुणाशी तरी बोलायचंय. कुणाशी बोलू, सांगा!

ही ट्रिप तुमचीच. आपण तिघांनी जायचं होतं. तुम्ही गेल्यावर मी सगळं कॅन्सल करायला निघाले, तर आई म्हणाली, "राहू दे. त्यांनी हौसेने ठरवलंय."

आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे, वर्षश्राद्ध होईपर्यंत देवळाची पायरी चढायची नाही. तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आहे, पण इथल्या मंदिरात एकदाही आली नाही. शेजारच्या काकू बोलवायला आल्या, त्यांनाही नाही म्हणाली. आणि रडलीही नाही, बाबा. मला त्याचीच भीती वाटत होती.

प्रागला पहिल्याच चर्चच्या दाराशी मी म्हटलं, "आई, चालणार नसेल तर बाहेरूनच बघू."

"न चालायला काय झालं? हे काय देऊळ आहे?" म्हणत गेलीसुद्धा आत! पळवाट शोधावी ती आईनेच. तुम्ही किती हसला असता.

मी मान वर करून छताचे फोटो काढत होते. वळून बघते तर आई शेवटच्या बाकावर ढसाढसा रडतेय, आणि कुणी अनोळखी म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मी धावत गेले. आईने लगेच डोळे पुसले. "चल, पुढचं बघू."

मग प्रत्येक चर्चमध्ये तेच. मी जवळ गेले की रडणं बंद. परक्या बाईजवळ रडते आणि पोटच्या पोरीजवळ नाही? कसं वाटलं असेल मला! शेवटी विमानात विचारलंच.

"तुझ्यासमोर रडले तर तू कुणासमोर रडशील गं?"

पुढच्या महिन्यात तिचा इथला मुक्काम संपतोय. ती नागपूरच्या रिकाम्या घरी जाईल, आणि मला ही नोकरी, हा व्हिसा सोडून तिच्यामागे जाता येत नाही. काय करू मी? इतकी कसली घाई होती तुम्हाला?

बाबा, एवढा एक शब्द देते. ती जायच्या आधी तिचे डोळे भरले, तर मी धीर द्यायला जाणार नाही. शेजारी बसेन आणि तिच्यासमोरच रडेन.

तुमची,
अनू